इंग्लिश ब्राउन एल कशी चाखावी: पहिल्यांदा ग्लास हाती घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मंडळी पहिल्यांदा पबमध्ये जातात, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी लागरच (थंडाव्यात आंबवलेली, फिकट बिअर) येते. साहजिकच आहे, आपल्याकडे बिअर म्हटली की ती पिवळीधमक, बर्फासारखी गार आणि भरपूर गॅस असलेली, असंच डोक्यात बसलेलं असतं. पुढे कधीतरी कुणीतरी ब्राउन एलची (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) बाटली हातात देतं, एक घोट घेतला जातो आणि शेरा येतो, ‘गोडसर आहे, पण खास काही नाही.’ हा शेरा मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्यासाठीच हा लेख लिहितो आहे. बहुतेक वेळा ती बाटली फ्रिजमधून काढून थेट घशाखाली गेलेली असते, नाहीतर दुकानातल्या दिव्याखाली महिनोन्महिने उभी राहून खराब झालेली असते. ब्राउन एल नीट तापमानाला आणि सावकाश प्यायली की तिच्यात काय काय आहे ते समजतं. त्यासाठी जिभेला काही विशेष देणगी लागत नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये दारू विकत घ्यायचं वय १८ आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी ते २१ आहे आणि कायद्याने परवानाही लागतो, गोव्यात १८. ज्या दिवशी चाखायचं त्या दिवशी गाडीची किल्ली घरीच ठेवा.

आधी दाणा चावून बघा

पेल एल किंवा आयपीए (इंडिया पेल एल) या फिकट एलमध्ये हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीची, फुलं पुढे असतात. ब्राउन एल ही माल्टची बिअर. त्यामुळे माल्ट म्हणजे काय ते एकदा तोंडात घालून कळलं, की पुढचं निम्मं काम झालं.

जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत दाणे वाळवायचे, की झाला माल्ट. मंद उष्णतेवर वाळवला तर पेल माल्ट. ब्राउन एलमध्येही सर्वांत जास्त वाटा याचाच असतो, पण तिची ओळख ठरते ती क्रिस्टल माल्टमुळे. हा माल्ट करताना मोड आलेले ओले दाणे वाळू न देता तसेच तापवतात. दाण्याच्या आतल्या पिठाची आतच साखर होते, आणि मग भाजताना ती साखर घट्ट होऊन तपकिरी पडते. काही ब्रुअर (बिअर बनवणारे) रंगासाठी आणि किंचित भाजकेपणासाठी चिमूटभर चॉकलेट माल्टही घालतात. त्यात चॉकलेट नसतं, नाव फक्त रंगावरून पडलेलं.

घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामान विकणारी दुकानं इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांत आहेत. तिथून पेल आणि क्रिस्टल माल्ट दोन्ही मूठ मूठ घेऊन या आणि सरळ चावा. पेल माल्टचा दाणा दाताखाली भुसभुशीत होतो, तोंडात कोरड्या पिठाची आणि साध्या बिस्किटाची चव राहते. क्रिस्टलचा दाणा कटकन फुटतो. आतला गर काचेसारखा चकाकतो, काही क्षण काहीच कळत नाही, मग लाळेत विरघळून काकवीसारखा गोडवा पसरतो आणि अगदी शेवटी टाळूला किंचित करपट लागतं. हा क्रम लक्षात ठेवा. उत्तम ब्राउन एलच्या घोटातही तो जवळपास असाच येतो.

कुठली बाटली घ्यायची

इंग्लंडमधली तपकिरी एल जुनी आहे. १८व्या शतकापूर्वी तपकिरी माल्टच्या एल बऱ्याच ठिकाणी होत. पण आज बाटलीवर जे ब्राउन एल नाव दिसतं ते विसाव्या शतकातलं, आणि त्याची दोन घराणी आहेत, दक्षिणेचं आणि उत्तरेचं. बिअरवर लिहिणारे मायकल जॅक्सन (हे गायक नव्हेत, १९४२ ते २००७ या काळातले इंग्रज लेखक) यांनी ही विभागणी लोकांसमोर ठेवली आणि ती रुळली. सगळ्याच बाटल्या तिच्यात चपखल बसत नाहीत, पण नवख्या माणसाला वाट काढायला ती फार उपयोगी आहे.

दक्षिणेचा नमुना म्हणजे मॅन्स ओरिजिनल. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात मॅन, क्रॉसमन अँड पॉलिन यांची अल्बिअन ब्रुअरी होती, तिथली ही बिअर. ती १९०२ साली आली असं मानतात. अल्बिअन ब्रुअरी १९७९ मध्ये बंद झाली, बिअर दुसरीकडे होत राहिली. रंगाने गडद, चवीला गोड, आणि अल्कोहोल अवघं २.८ टक्के. त्या काळी पबमधल्या पिंपातली माइल्ड एल (कमी कडवट, सौम्य एल) कधी ताजी, कधी उतरलेली मिळे, म्हणून लोक अर्धा पाइंट (पाइंट म्हणजे सुमारे ५६८ मिलिलिटर) माइल्ड घेऊन त्यात बाटलीतली ब्राउन एल ओतत. बाटलीतल्या मालाची खात्री असे आणि गॅसही नीट असे.

उत्तरेत टाइन नदीकाठी न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ मध्ये बाजारात आली. कर्नल जेम्स पोर्टर यांनी त्यासाठी तीन वर्षं खटपट केली होती. लेबलावरचा निळा तारा पुढच्या वर्षी आला. त्याची पाच टोकं म्हणजे न्यूकॅसल ब्रुअरीज ही कंपनी ज्या पाच ब्रुअऱ्यांतून उभी राहिली त्या. ४.७ टक्के अल्कोहोल, लालसर तांबूस रंग, शेवट कोरडा. या बिअरला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण २००० साली मिळालं होतं, म्हणजे ती न्यूकॅसलमध्येच व्हायला हवी. पुढे ब्रुअरी नदीपलीकडे गेट्सहेडला हलली आणि कंपनीनेच ते संरक्षण काढून घ्यायला सांगितलं. २००७ मध्ये ते रद्द झालं. २०१० मध्ये उत्पादन यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला गेलं. हे वाचून मला आजही वाईट वाटतं, कारण त्या शहराने या बाटलीवर पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. अमेरिकेतल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं: २०१९ पासून तिकडे याच नावाने विकली जाणारी बिअर लागुनिटास ब्रुअरीत वेगळ्या पाककृतीने होते, तिच्यावरून मूळ बिअरचा अंदाज बांधू नका.

मला विचाराल तर पहिली बाटली सॅम्युअल स्मिथची नट ब्राउन एल असावी. टॅडकास्टरची ही ब्रुअरी १७५८ची. तिथे आजही यॉर्कशर स्क्वेअर म्हणतात त्या दगडी चौकोनी हौदांत बिअर आंबवतात. अल्कोहोल ५ टक्के. नावात नट असलं तरी बिअरमध्ये शेंगदाणे, बदाम, अक्रोड काही पडत नाही, तो सगळा स्वाद माल्ट आणि यीस्टचा. (ज्यांना बदाम-अक्रोडासारख्या नट्सची ॲलर्जी आहे त्यांनी तरीही लेबल वाचावं, काही आधुनिक ब्रुअऱ्या खरोखरच हेझलनट वगैरे घालतात.) संडरलंडची डबल मॅक्सिमही मिळाली तर सोडू नका. १९०१ मध्ये कॅप्टन अर्नेस्ट व्हॉक्स बोअर युद्धातून परतले. त्यांच्या तुकडीकडे मॅक्सिम मशिनगन होत्या, म्हणून व्हॉक्स यांच्या सन्मानार्थ घराण्याच्या ब्रुअरीने मॅक्सिम एल काढली. १९९९ मध्ये ब्रुअरी बंद पडली, पण जुन्याच माणसांनी बिअर पुन्हा उभी केली.

आता दुकानात शिरल्यावर काय बघायचं. न्यूकॅसल आणि सॅम्युअल स्मिथ दोन्ही पारदर्शक काचेत येतात, आणि इथेच घात होतो. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की त्यांच्यापासून एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं. त्याला फार उग्र, कोंदट वास येतो आणि तो अगदी थोड्या प्रमाणातही जाणवतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी थोडाफार, पारदर्शक जवळपास काहीच नाही. म्हणून फळीवरची पुढची, दिव्याखालची बाटली घेऊ नका. मागची घ्या, किंवा बंद खोक्यातली मागा. चांगला दुकानदार काढून देतो. तारीख बघा आणि जितकी ताजी मिळेल तितकी घ्या. घरी आणल्यावर कपाटात, अंधारात, उभी ठेवा.

उजेडाने काय होतं हे एकदा स्वतः अनुभवायचं असेल तर एकसारख्या दोन बाटल्या आणा, एक तासभर उन्हात ठेवा, दुसरी अंधारात. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून वास घ्या. एकदा हा फरक नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही, आणि पुढे पबमध्ये खराब बाटली परत करताना मनात शंका राहत नाही.

थंडावा, ग्लास आणि ओतणं

या बिअरसाठी १० ते १३ अंश सेल्सिअस योग्य. घरच्या फ्रिजमध्ये ती चार-पाच अंशांवर असते, आणि तिथे सुगंध वर येत नाही, जीभही बधिर होते, उरतो तो गॅसचा चटका आणि थोडा कडवटपणा. इंग्लंडमधल्या घरात बाटली फ्रिजबाहेर काढून अर्धा-पाऊण तास ठेवा. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात, त्याहून जास्त ठेवली तर कोमट होईल आणि तीही मजा नाही. बाटली हाताला गार लागावी, पण बोटं झिणझिणू नयेत.

ग्लास साधा, खालून निमुळता, पबमध्ये असतो तसा चालेल. ट्युलिपच्या आकाराचा असेल तर वास छान साठतो. आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. तेलकट बोटांचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. ग्लास धुऊन भरपूर पाण्याने विसळा आणि पालथा घालून हवेवर वाळू द्या, फडक्याने पुसू नका. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर तिथे तेल आहे असं समजा. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवायची सवय या बिअरपुरती सोडा.

ओतताना ग्लास तिरका धरा, निम्मा भरला की सरळ करा आणि शेवटचा भाग मधोमध पडू द्या. दोन बोटं फेस यायला हवा. लेबलावर बिअर बाटलीत मुरवल्याचं लिहिलं असेल तर तळाशी यीस्टचा गाळ असतो. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

न्यूकॅसलची एक पद्धत मला फार आवडते. तिथे जुने गिऱ्हाईक मोठी बाटली घेतात, पण सोबत अर्ध्या पाइंटच्या आसपासचा छोटा ग्लास. थोडी ओतायची, थोडी प्यायची, पुन्हा वरून थोडी भर घालायची. प्रत्येक भरीबरोबर फेस ताजा होतो, वास नव्याने उठतो, आणि पिणाराही आपसूक सावकाश पितो. घरी चाखताना हीच पद्धत ठेवा.

नाक आधी, जीभ नंतर

ग्लास उजेडासमोर धरा. ब्राउन एल काळी नसते. मध्यभागी तपकिरी दिसली तरी कडेला तांबूस किंवा माणकासारखी झाक हवी. उत्तरेकडची तांब्याच्या भांड्याच्या रंगाजवळ जाते, लंडनची बरीच गडद असते. फेस फिकट बदामी.

फेस बसायच्या आत नाक ग्लासाजवळ न्या आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. एक लांबलचक श्वास घेऊ नका, त्याने नाक लगेच थकतं. मग ग्लासवर तळहात ठेवून हलकेच फिरवा, हात काढा, पुन्हा वास घ्या. इथे टॉफी, बिस्किट, भाजलेला पाव असे इंग्रजी पुस्तकांतले शब्द आठवायची घाई नको. आपल्या नाकाकडे स्वतःचा साठा आहे. भाजून सोललेले शेंगदाणे, काकवी, खारीक, तव्यावर किंचित लालसर झालेली पोळी, बेसन भाजताना सुटणारा खमंगपणा, यांपैकी काय जवळचं वाटतं ते मनाशी ठरवा. शिवाय पिकलेल्या नासपतीसारखा फळाचा हलका वास येईल, तो यीस्टचा. सॅम्युअल स्मिथच्या बाटलीत लोण्याची पुसट छटा कधी कधी जाणवते. यॉर्कशरच्या जुन्या पद्धतीत तेवढी चालते. हॉप्सचा वास फार नसतोच, आला तर ओल्या मातीसारखा, वाळक्या गवतासारखा. फगल आणि गोल्डिंग्ज या इंग्रज हॉप्सचा तो स्वभाव.

आता घोट. ओठ ओले होण्याइतका नको, तोंड भरेल इतका घ्या. जिभेवरून सगळीकडे फिरवा, तीन-चार सेकंद थांबा आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर मात्र गिळायचीच, कारण गिळल्यावरच तिचा कडवटपणा पुरता कळतो. गिळून तोंड मिटलेलं ठेवा आणि नाकाने श्वास सोडा. आधी नाकाला न सापडलेला भाजकेपणा बऱ्याचदा या श्वासात येतो.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. पहिला घोट तोंडाला ओळख करून देण्यापुरता. दुसऱ्या घोटाला स्वतःला विचारा: गोडवा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला? माझ्या लेखी ब्राउन एलची खरी परीक्षा इथेच आहे. उत्तरेकडच्या चांगल्या बाटलीत गोडवा पुढे येतो, मध्ये भाजक्या शेंगदाण्यांसारखा खमंगपणा, आणि मग कडवटपणा हळूच येऊन गोडवा पुसून टाकतो. तोंड कोरडं होतं आणि पुढचा घोट हवासा वाटतो. गोडवा तसाच चिकटून राहिला तर ती फसली. लंडनच्या घराण्यात मात्र गोडवा शेवटपर्यंत राहणं हाच गुण आहे, तिला कोरडी नाही म्हणून नावं ठेवणं अन्यायाचं.

म्हणून दोन्ही शेजारी ठेवून प्या. आधी मॅन्स, मग नट ब्राउन किंवा न्यूकॅसल. उलट क्रमाने प्यायलात तर मॅन्स पाणचट वाटेल. मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. दर दहा मिनिटांनी एक घोट घेत राहा. ग्लास जसजसा खोलीच्या तापमानाकडे सरकतो तसतसं चव बदलते, आणि तेरा-चौदा अंशांच्या आसपास, साधारण निम्मा ग्लास झाल्यावर, खारीक आणि काकवी पुढे येतात. हा टप्पा चुकवू नका. ब्रिटिश हिशेबात एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. न्यूकॅसलच्या ५५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २.६ युनिटं होतात, मॅन्सच्या ५०० मिलिलिटरमध्ये १.४. एका संध्याकाळी दोघांनी मिळून दोन बाटल्या, एवढं चाखायला भरपूर झालं.

जुन्या बाटलीची चव कशी ओळखायची तेही सांगतो. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर हवा लागून बिअर म्हातारी झाली आहे. आंबट लागली तर जंतू शिरले. बेल्जियममध्ये मात्र तपकिरी आणि मुद्दाम आंबट अशी वेगळी बिअर असते, तिची गल्लत करू नका. कॉफीसारखा ठसठशीत करपटपणा असेल तर ग्लासात बहुधा पोर्टर (जास्त भाजलेल्या माल्टची काळसर बिअर) आहे. संत्र्या-मोसंबीच्या सालीचा वास भसकन आला तर ती अमेरिकी धाटणीची ब्राउन एल. छान असते, पण तिच्यावरून इंग्रज बिअर शिकता येत नाही.

चकण्याचं

चाखताना काही तिखट खाऊ नका, आणि नंतरही जपून. अल्कोहोल आणि गॅस मिरचीचा जाळ वाढवतात आणि माल्टची नाजूक चव त्यात बुडून जाते. ठेचा, शेव, मसाला पापड त्या दिवशी बाजूला. खारवलेले भाजके शेंगदाणे उत्तम, मीठ जरा कमी असू द्या. इंग्रज जोडीदारांत मुरलेलं चेडर चीज, ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी, सॉसेज आणि कांद्याची तपकिरी ग्रेव्ही, लोण्यावर परतलेले मश्रूम. या सगळ्यांत भाजण्याने आलेला तपकिरी खमंगपणा आहे, माल्टमध्येही तोच आहे, म्हणून जुळतं. मटणाचं सुकं करणार असाल तर लाल तिखट निम्मं करा आणि खोबरं-कांदा नीट भाजा. नट ब्राउनबरोबर ते मला रोस्टपेक्षाही जास्त आवडतं. मॅन्स उरली तर इंग्रज घरांत ती रश्श्यात घालतात, मांस मऊ शिजेपर्यंत मंद आचेवर. कडवटपणा जवळपास नसल्याने रस्सा आटला तरी कडू होत नाही.

टॅडकास्टरला जाणं झालं तर ब्रुअरीला लागूनच एंजल अँड व्हाइट हॉर्स नावाचा पब आहे, सॅम्युअल स्मिथचाच. या ब्रुअरीच्या पबांत गाणी लावत नाहीत. तिथे नट ब्राउन मागवा, बाटली फार गार असेल तर ओतायच्या आधी थोडा वेळ टेबलावर राहू द्या, आणि पेल एलची एक बाटलीही सोबत घ्या. त्याच ब्रुअरीची, त्याच दगडी हौदांतली बिअर शेजारी ठेवली की माल्टच्या फरकाने नेमकं काय बदललं ते तुम्हीच सांगू शकाल.